अधिभार

रविवारी दुपारी दादाकडे सगळे जेवायला जमले ते बाईंचं मत मिळवायला. पण जेवणं उरकेपर्यंत तसं कोणी बोलून दाखवलं नाही. वहिनी वाढत होती आणि नको इतकं वाढत होती. छोट्याची बायको एरवी या घरात चार शब्द बोलायची नाही, ती आज तीनदा म्हणाली, "घ्या ना ताई, तुम्ही काहीच घेतलं नाही." दादा नेहमीसारखा वर्तमानपत्राची घडी मांडीवर ठेवून जेवत होता. छोट्या गप्प होता. एकोणपन्नास वर्षांचा झाला, कानांवरचे केस पिकले, तरी घरात तो छोट्याच; आणि गप्प बसला की अजूनही लहानपणासारखा नखं कुरतडायचा.

बाई या दोघांच्या मधल्या. एकतीस वर्षं शाळेत शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेवर निवडून आल्या. प्रचाराला फारशी पायपीट करावी लागली नाही. मतदारयादीतल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी एकेकाळी पिळले होते. तेव्हापासून सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं. दादाही म्हणायचा, आधी चिडवायला आणि मग सवयीनं. ताई म्हणणारा एकटा छोट्या उरला होता, आणि त्याच्यामागून त्याची बायको.

सोमवारी सकाळी अकराला सभा होती. सतरा सदस्यांपैकी आठ जण प्रस्तावाच्या बाजूनं होते, आठ विरोधात. सतराव्या बाई.

प्रस्ताव प्रादेशिक विकास मंडळाचा होता. फ्रिजचे कंप्रेसर बनवणारी एक मोठी कंपनी इकडे यायला तयार होती. गावाबाहेरची रिकामी शेड सरकारनं दुरुस्त करायची आणि रस्ता वाढवून, पाण्याची लाइन टाकून द्यायची. त्यातला गावाचा वाटा म्हणून प्रत्येकाच्या घरपट्टीवर पंधरा वर्षं 'विकास अधिभार' लागायचा. बदल्यात सहाशे नोकऱ्या. गावात करदाता संघानं याविरुद्ध रान उठवलं होतं. घरोघरी पत्रकं गेली होती, चारशे घरांच्या सह्या झाल्या होत्या. आणि त्या संघाचा अध्यक्ष होता दादा.

"मग उद्या किती वाजता निघायचं तुम्हाला?" वहिनीनं हात पुसत भोळेपणाचा आव आणून विचारलं.

"अकराला सभा आहे," दादा म्हणाला. "आणि हात कधी वर करायचा तेही सांगून टाक बाईंना."

"मी अजून ठरवलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"यात ठरवायचं काय? टाइल्सवाले आले तेव्हा असाच कागद आला होता. तेव्हा तर मीच पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. चार वर्षं सवलती खाल्ल्या आणि पाचव्या वर्षी आपल्या हातावर तुरी देऊन पसार झाले. त्यांच्या रस्त्याचे हप्ते आपण अजून भरतोय. रस्ता कुठं जातो? बंद गेटापर्यंत."

"त्या गेटावर मी बसतो, दादा," छोट्या पहिल्यांदाच बोलला. "मला ठाऊक आहे रस्ता कुठं जातो."

टाइल्सच्या कारखान्यात छोट्या भट्टीवर होता. कारखाना बुडाल्यावर मंडळानं रिकाम्या शेडची राखण करायला माणूस हवा म्हणून त्यालाच ठेवलं. आठ वर्षं तो तिथे पहारा देत होता.

दादाचा आवाज खाली आला. "तुझ्यावर नाही रे बोलत मी. पण समोरच्या शिंपिणीकडे बघ. नवरा गेला, एका मशीनवर दोन पोरं सांभाळते. घर सासऱ्याचं म्हणून घरपट्टी तिच्या नावावर. तिनं का त्या कंपनीचं पाणी भरायचं? त्यांना यायचं तर या म्हणावं, कोण अडवतंय? मला लेथचा कारखाना टाकताना कोणी रस्ता बांधून दिला होता?"

"शिंपीण कपडे कोणाचे शिवते?" छोट्या म्हणाला. "आमच्या गल्लीत सात घरांना कुलूप आहे. माणसंच उरली नाहीत तर मापं कोणाची घेणार ती? आणि दादा, तुझ्या तीन लेथ आहेत. चालतात किती?"

"एक."

"का?"

दादानं वर्तमानपत्राची घडी उलगडली आणि पुन्हा तशीच घातली. "एक चालते, पण माझी चालते," तो म्हणाला. "कोणाच्या भीक घातल्यानं चालत नाही."

हा शब्द छोट्याच्या बायकोला लागला. ती उठली, बाईंचं ताट हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं आणि आत गेली. "आमच्या पोरीनं डिप्लोमा केलाय," आतून तिचा आवाज आला. "भीक मागायला नाही केला."

बाई मोरीपाशी हात धुवायला गेल्या तेव्हा वहिनी मागून आली. नळ मोठा सोडून ती हळूच म्हणाली, "यांचं ऐकू नका. पत्रकं छापतात, सभा घेतात, घसा बसवून घेतात, पण मला काय हवंय ते एकदा तरी विचारलंय का? मला मूल नाही. छोट्याची पोर माझ्या मांडीवर वाढली. ती इथेच कामाला लागली तर रोज दिसेल. घरपट्टी वाढली तर वाढू दे. मी एक वेळचा चहा सोडीन."

"वहिनी, मी घरातल्या माणसांसाठी निवडून नाही आले."

"मग कोणासाठी आलात?" वहिनीनं विचारलं. तिनं नळ बंद केला.

चार वाजता छोट्या कामावर निघाला. बाई म्हणाल्या, "मी येते तुझ्याबरोबर. बघते एकदा ती शेड." दादानं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा वर्तमानपत्रात घातली.

रस्ता खरोखर चांगला होता. दोन ट्रक सहज शेजारून जातील इतका रुंद, दिव्यांचे खांब दोन्ही बाजूंना, त्यातले दिवे केव्हाच गेलेले. कडेच्या फटींतून गवत वर आलं होतं. छोट्यानं किल्लीनं छोटं दार उघडलं. आत एवढी मोठी जागा होती की त्यांच्या बोलण्याचा आवाज छतापर्यंत जाऊन परत येत होता. पत्रे काही ठिकाणी उडाले होते. तिथून ऊन पडून जमिनीवर चौकोन झाले होते. भट्टीच्या तोंडाशी कबुतरांनी घाण करून ठेवली होती.

"इथे उभा राहायचो मी," छोट्या म्हणाला. "पहिल्या वर्षी भुवया जळाल्या होत्या, आठवतं? तू मला म्हणालीस, आता पेन्सिलीनं काढ."

बाई हसल्या. मग म्हणाल्या, "छोट्या, खरं सांग. ही नवी कंपनी टिकेल असं वाटतं तुला?"

"नाही."

इतक्या सरळ उत्तराची त्यांची तयारी नव्हती.

"नाही टिकणार, ताई. टाइल्सवाले पळाले, हे पण पळतील. दादाच्या पत्रकात खोटं काही नाही, मी ते दोनदा वाचलंय. पण दहा वर्षं तर राहतील? आठ तरी? मला आठ पुरेत. तोवर मी साठीला टेकेन. पोरीच्या हातात काहीतरी काम आलेलं असेल, मग ती कुठेही जाईल, अनुभव घेऊन जाईल. आज तिला कुठे उभं करतात? विचारतात, आधी काय केलंय? ती म्हणते, काही नाही. बाहेर पाठवतात."

"आणि आठ वर्षांसाठी गावानं पंधरा वर्षं भरायचं?"

"हो," छोट्या म्हणाला. "मला लाज वाटते मागताना. पण हो."

त्यानं खुर्ची पुसून त्यांना बसायला दिली. टेबलावर येणाऱ्याजाणाऱ्यांची वही होती. बाईंनी ती सहज चाळली. पानंच्या पानं छोट्याच्या अक्षरात होती. रोजची तारीख, आणि पुढे 'कोणी नाही'. शाळेत असताना त्याचं अक्षर फार वाईट होतं. या आठ वर्षांत ते सुधारलं होतं.

घरी येऊन बाई कराराचा मसुदा घेऊन बसल्या. बेचाळीस पानं. वाचताना पेन्सिल हातात असायची सवय सुटली नव्हती. विसाव्या पानावर त्या थांबल्या, तेच वाक्य चार वेळा वाचलं आणि समासात रेघ ओढली.

सोमवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मागच्या बाकांवर करदाता संघाची माणसं बसली होती. दादा दाराशी उभा होता. दुसऱ्या टोकाला नोकरीच्या आशेनं आलेली मंडळी होती, त्यांत छोट्या, त्याची बायको आणि पोरगी. मंडळाचे साहेब लांबून आले होते. सडपातळ, नम्र माणूस, सर्दीनं बेजार. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. हिरवळ, काचेची इमारत, हसणाऱ्या मुली.

नगराध्यक्षांनी विचारलं, "कोणाला काही शंका?"

बाई उभ्या राहिल्या. "विसाव्या पानावर लिहिलंय, कंपनीनं किमान दहा वर्षं इथे उत्पादन चालू ठेवणं 'अपेक्षित आहे'. अपेक्षित म्हणजे काय, साहेब?"

"म्हणजे मॅडम, आमची तशी अपेक्षा आहे."

"माझी अपेक्षा असायची की सगळी मुलं पास व्हावीत," बाई म्हणाल्या. सभागृहात हशा पिकला. "लोकांनी अधिभार भरणं 'बंधनकारक' आहे असं पुढच्याच पानावर लिहिलंय. मग कंपनीला अपेक्षित आणि लोकांना बंधनकारक, असं का?"

साहेबांनी रुमाल नाकाला लावला. उडवाउडवी करायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. "खरं सांगू मॅडम? तिथे बंधनकारक लिहिलं तर ते येणारच नाहीत. चार गावं रांगेत आहेत. तुम्ही नाही म्हणालात तर परवा दुसऱ्या गावात सही होईल."

"समजलं," बाई म्हणाल्या आणि बसल्या.

नगराध्यक्षांनी प्रस्ताव मताला टाकला. "बाजूनं असणाऱ्यांनी हात वर करावेत."

एकेक करून हात वर गेले. बाईंनी एकतीस वर्षं हात वर होताना पाहिले होते. उत्तर येणाऱ्याचा हात कसा जातो, आणि उत्तर येत नसताना नुसतं बाईंना बरं वाटावं म्हणून वर केलेला हात कसा असतो, हे त्यांना लांबून कळायचं. आज आपण हात वर केला तर तो दुसऱ्या प्रकारचा असेल, असं त्यांना वाटलं. तो एका छोट्यासाठी असेल. आणि तो छोट्यासाठी होता हे त्या शिंपिणीच्या तोंडावर सांगता येणार नाही. वहिनीचा प्रश्न आठवला. खुर्ची पुसून देणारा छोट्या आठवला. त्यांनी दाराकडे पाहिलं. दादा त्यांच्याचकडे एकटक बघत होता. तो तिथे आहे, निदान तो तरी आपल्या पाठीशी आहे, असं वाटून त्यांना धीर आला आणि त्यांनी दोन्ही हात टेबलावर होते तसेच ठेवले.

"आठ. विरोधात?"

बाईंचा हात वर गेला.

मागच्या बाकांवर टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी दादाला उचलायला धावलं. पलीकडे काही खुर्च्या सरकल्या. छोट्याची बायको तोंडाला हात लावून तशीच बसली होती. पोरगी उठून बाहेर गेली. छोट्यानं घड्याळ पाहिलं. त्याची पाळी चारला होती, तरी तो निघाला. जाताना बाईंच्या टेबलापाशी क्षणभर थांबला.

"तुझा प्रश्न बरोबर होता, ताई," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

साहेब खोटं बोलले नव्हते. आठवड्याच्या आत दुसऱ्या एका गावात सह्या झाल्या. तीन आठवड्यांनी मंडळाचं पत्र आलं: शेडचा नजीकच्या काळात काही उपयोग दिसत नसल्यानं राखणदाराचं पद बंद करण्यात येत आहे. संघातले लोक म्हणाले, हा सूड आहे. बाईंना तसं वाटलं नाही. जिथे कोणी येणारच नाही तिथे राखणदार कशाला, एवढा साधा हिशेब. त्या मंडळाच्या कार्यालयात दोनदा जाऊन आल्या, तिसऱ्यांदा साहेबांनी भेट नाकारली.

पोरीला लांबच्या शहरात मोबाइल खोक्यात भरायचं काम मिळालं. डिप्लोमा लागत नव्हता. छोट्याला तिथेच एका इमारतीच्या दाराशी. तिघांनी जायचं ठरवलं.

टेम्पो सकाळी आला. बाई मदतीला गेल्या, आणि कोणी त्यांना नको म्हटलं नाही. वहिनी आतल्या खोलीत पोरीचे कपडे घड्या घालून बॅगेत भरत होती. बाई दारात आल्यावर तिनं पाठ फिरवली. मत पडल्यापासून तिनं त्यांच्याशी आणि दादाशी, दोघांशीही बोलणं टाकलं होतं. दादा सकाळी लवकर येऊन पलंग खोलून गेला होता, निरोपाला थांबला नव्हता.

छोट्या टेम्पोत चढून कपाट बांधत होता. "बाई," तो म्हणाला, "ती दोरी द्या जरा."

बाईंनी दोरी वर दिली. तो आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बाई म्हणाला होता आणि पहिल्यांदाच 'द्या' म्हणाला होता, आणि ते त्याच्या स्वतःच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यांच्याशी तो अगदी नीट वागत होता. गावातला कुठलाही माणूस नगरसेविकेशी जसा वागेल तसा.

टेम्पो वळणावर दिसेनासा झाल्यावर शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "परत कधी येणार?"

"सुट्टीत येतील," बाई म्हणाल्या.

गल्लीत आता आठ घरांना कुलूप होतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी करदाता संघानं दोघा भावंडांचा सत्कार ठरवला. दादानं तब्येतीचं कारण सांगून तो रद्द करायला लावला. हे कळल्यावर बाई त्याला बघायला गेल्या. घरी वहिनीनं दार उघडून नुसतं खालच्या कारखान्याकडे बोट दाखवलं.

दादा लेथवर होता. पंपाचा एक बुश, म्हणजे आसाभोवतीची धातूची नळी, आतून कातत होता. तब्येतीला काही झालेलं दिसत नव्हतं. बाई स्टुलावर बसल्या. धातूचे बारीक कीस निघून खालच्या तसराळ्यात पडत होते. मान न वळवता त्यानं विचारलं, "त्या दिवशी हात का नाही वर केलास?"

बाईंना वाटलं, मशीनच्या आवाजात आपण चुकीचं ऐकलं. "केला की."

"बाजूनं म्हणाले तेव्हा."

"दादा, पत्रकं तुझी होती. सह्या तू गोळा केल्यास."

"हो. आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. आजही विचारलंस तर तेच सांगेन." त्यानं मशीन बंद केलं. शांततेत त्याचा आवाज एकदम थकलेला वाटला. "पण मला वाटलं होतं, तू छोट्याला टाकणार नाहीस. मी ते धरूनच चाललो होतो. मी माझं बोलायचं, तू तुझं मत द्यायचं. आम्ही हरलो असतो. चार दिवस मी त्या नगराध्यक्षाच्या नावानं खडे फोडले असते आणि मग मुकाट्यानं अधिभार भरला असता. छोट्या राहिला असता इथे."

"हे मला सांगायचं नाही का?" बाई म्हणाल्या.

"कसं सांगणार? चारशे घरांनी माझ्यावर विश्वास टाकलेला. आणि तुला सांगायला लागेल असं वाटलंच नाही. लहानपणी त्याच्या वाटचा मार तू खायचीस."

"मी तुझ्याकडे बघितलं होतं," बाई म्हणाल्या. "हात वर करायच्या आधी. तू दारात होतास म्हणून मला 'नाही' म्हणता आलं, दादा. तू नसतास तर... मला नाही वाटत मला जमलं असतं."

दादानं हातातलं फडकं आधीच पुसलेल्या बोटांवरून पुन्हापुन्हा फिरवलं. "मी बघत होतो ते," तो म्हणाला, "आता करशील, आता करशील म्हणून."

तेवढ्यात दारात पंपवाला आला. संघाचा जुना सभासद, मोठ्या आवाजाचा माणूस. बाईंना बघून त्याचा चेहरा खुलला.

"अरे वा, दोघंही आहात! काल आमच्याकडे हाच विषय चालला होता. म्हटलं, इतर घरांत असल्या गोष्टीवरून भावंडं एकमेकांची तोंडं बघत नाहीत. पण यांचं बघा. बहीण-भाऊ शेवटपर्यंत एक राहिले, म्हणून गाव वाचलं." मग लेथकडे बघत म्हणाला, "माझा बुश झाला का, दादा?"

"पाच मिनिटं," दादा म्हणाला. "बसा."

त्यानं बटण दाबलं. लेथ चालू झाली आणि मग बोलायची काही सोय उरली नाही.